ओढ्यापर्यंत एक फेरी

ताईने आयुष्यात भावाकडे फारसं कधी काही मागितलं नाही. एकदा मागितलं, ते द्यायला त्याने उशीर केला, एवढीच ही गोष्ट. तो उशीर आळसापायी झाला असता तर सांगायची तसदी कोण घेणार? पण आळशी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. ही चूक करायला हात कसबी लागतात, आणि डोळ्यांना कारखान्याच्या रंगापलीकडचं काही दिसेनासं व्हावं लागतं.

भाऊ उंच, भलताच उंच. दारातून आत येताना वाकायची सवय त्याला लहानपणीच लागली, म्हणून ताईने त्याचं नाव ‘उंट’ ठेवलं ते ठेवलंच. पुढे तो बसदुरुस्तीच्या वर्कशॉपात फोरमन झाला, निवृत्त झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी तिच्या तोंडी उंटच. ताई त्याच्या उलट. खुर्चीत बसली की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, लहान मुलीसारखे हलत राहायचे. दोघं शेजारी उभी राहिली की लोक हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने ताईच हसायची. “आईने माझं कापड वाचवून ह्याला जोडलं,” म्हणायची.

निवृत्त झाल्यावर उंटाने नाद लावून घेतला तो जुन्या छोट्या ट्रॅक्टरांचा. एका घराच्या जमिनीपुरते बनवलेले, एका सिलिंडरचे, हँडल मारून सुरू करायचे ट्रॅक्टर असायचे ना एकेकाळी, तसले. कुणाच्या गोठ्यात गंजत पडलेले, कुणी कुंपणाला टेकवून ठेवलेले. घरामागच्या शेडमध्ये तो ते आणायचा, नटानटाने सोडवायचा आणि पुन्हा उभे करायचा. त्याचा नियम एकच : कारखान्यातून निघाला त्या दिवशी जसा होता तसाच. मालकाने मागाहून लावलेला दिवा, तारेने आवळलेलं झाकण, गावच्या लोहाराने मारलेला वेल्डिंगचा डाग, हे सगळं त्याच्या लेखी पाप. ‘जुगाड’ हा शब्द तो शिवी हासडल्यासारखा उच्चारायचा. जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरायचं तिथे परीक्षक भिंग घेऊन फिरायचे, आणि उंटाच्या ट्रॅक्टरपाशी त्यांच्या भिंगाला काही काम उरायचं नाही. कपाटात चषकांची दाटी झाली होती. बायको ते पुसून पुसून कंटाळली होती.

घरचा ट्रॅक्टर मात्र त्याने कधी दुरुस्तीला घेतला नव्हता. त्याचं नाव ठेंगू. वडिलांनी घेतलेला. घेतला आणि थोड्याच वर्षांत वडिलांची पाठ गेली, ते अंथरुणाला खिळले. उंट तेव्हा दूर तंत्रशाळेत शिकत होता. त्याला परत बोलवावं असं ठरत होतं, तर ताईने स्वतःच शाळा सोडली आणि ठेंगूचं हँडल हातात घेतलं. वडिलांचं औषधपाणी, भावाचं शिक्षण आणि स्वतःचं सगळं तरुणपण तिने त्या ट्रॅक्टरवर काढलं, बटाटे आणि कांदे करत. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, “माझं लागलंय की ठेंगूशी. नवरा घोरतो फार, पण खायला कमी मागतो.” पुढे कंबर साथ देईना तेव्हा तिने जमीन शेजाऱ्याला कसायला दिली. ठेंगू गोठ्यात गेला आणि त्याच्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

मग ताईचं दुखणं निघालं. उंटाने तिला आपल्या घरी आणलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून काय ते सांगितलं. तो बाहेर आला तसा ताईने त्याचा चेहरा पाहिला आणि पिशवी उचलून गाडीकडे निघाली. घरी परत येताना गाडीत म्हणाली, “उंटा, एक काम करशील?”

“बोल ना.”

“ठेंगूला बाहेर काढ. मला एकदा ओढ्यापर्यंत जाऊन यायचंय. एकच फेरी. मग काय व्हायचं ते होऊ दे.”

उंटाला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. डोळे पुसून तो म्हणाला, “फेरी काय घेऊन बसलीस? तुला नवाकोरा करून देतो ठेंगू. असा करतो की बाबांना ओळखू येणार नाही.”

“नवाकोरा कशाला? चालला म्हणजे झालं.”

हे तिचं वाक्य त्याच्या कानावरून गेलं. ऐकलं सगळं, पण उतरलं नाही काहीच.

ठेंगू आणला तेव्हा त्याची दशा बघण्यासारखी होती. बॉनेटवर कोंबड्यांची घाण, धुराड्यावर पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पालथा घातलेला दुधाच्या पावडरचा डबा, स्टिअरिंगला गुंडाळलेली सायकलची जुनी ट्यूब. उंट कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती फिरला आणि प्रत्येक गोष्टीला नाक मुरडत गेला. “काय काय करून ठेवलंय बाबांनी,” तो रंगाऱ्याला म्हणाला. रंगारी म्हणजे त्याचा जुना सोबती. वर्कशॉपात बसगाड्या रंगवायचा, आता उंटाचे ट्रॅक्टर रंगवतो, आणि दोघं दिवसभर एकमेकांची खोडी काढत बसतात.

डबा फेकला. ट्यूब कापून काढली. मग सीटखालची हत्यारांची पेटी उघडली. आत एक वाकडा पाना, ग्रीसने माखलेलं फडकं, आणि त्या फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा एक ठोकळा. तळहाताएवढा, जाडजूड, वरची बाजू झिजून खोलगट झालेली, आणि त्याला बकल असलेला चामड्याचा एक पट्टा खिळ्यांनी ठोकलेला.

“हे काय?” रंगाऱ्याने विचारलं.

“चाकाखाली लावायची उटी असेल. नाहीतर आणखी एखादा जुगाड.”

त्या दिवशी थंडी मरणाची होती. शेडमधल्या शेगडीवर चहाचं आधण ठेवलं होतं आणि जळण ओलं. उंटाने पट्टा उपटून काढला, चामडं चांगलं होतं म्हणून पाण्याच्या नळीचं वेटोळं बांधायला वापरला आणि ठोकळा शेगडीत सारला. जुनं वाळलेलं लाकूड, लगेच पेटलं. दोघांनी चहा घेतला आणि कामाला लागले.

इंजिनाला फार काही झालं नव्हतं. ताईने ते जपलं होतं. गोठ्यात ठेवतानाही आत तेल भरून ठेवलं होतं, म्हणून पिस्टन गंजून चिकटला नव्हता. रिंगा बदलल्या, नोझल साफ केलं, डिझेलची नळी नवी टाकली आणि एका सकाळी उंटाने हँडल मारलं तसा ठेंगू खोकला, धुराचा एक गोळा त्याने छपराकडे फेकला आणि ठकठक करत चालू झाला. रंगाऱ्याने टाळ्या वाजवल्या. मागच्या खोलीची खिडकी उघडली. ताई खिडकीत उभी होती. तेव्हा ती घरभर चालत होती, भाज्या निवडत होती, वहिनीला स्वयंपाकात सूचना देऊन वैताग आणत होती.

“अरे, हा तर बोलायला लागला!” ती ओरडली. “आले मी!”

चपला घालून ती लगबगीने शेडपाशी पोचली, तर उंट दारात आडवा. दाराला त्याने ताडपत्री लावली होती.

“अजिबात नाही. पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही.”

“अरे पण चालतोय ना तो?”

“चालतोय, पण अंगावर रंग नाही, बॉनेट नाही, मडगार्ड तिकडे पडलेत. असा नागडा दाखवू होय तुला?”

“मी त्याला नागडा पाहिलाय रे,” ताई म्हणाली. “त्याचं पोट मी कितीदा फाडलंय.” पण ती हसत हसत मागे फिरली. भावाला आपल्यासाठी काही करायची हौस आली आहे, ती मोडायचं तिच्या जिवावर आलं. तिथेच ती चुकली म्हणायचं तर म्हणता येईल. मी म्हणणार नाही.

त्या रात्री जेवताना बायको उंटाला म्हणाली, “अहो, चालू झालाय तर नेऊन आणा ना त्यांना. रंगाचं मागाहून बघा.”

“तुला कळत नाही. एकदाच बसणार आहे ती. तेव्हा तो ठेंगूसारखा दिसायला नको?”

बायकोने पुढे वाद घातला नाही. चषकांच्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मग रंगाचं प्रकरण सुरू झालं. मूळचा रंग कोणता? उन्हात सगळा उडालेला. उंटाने हत्यारांच्या पेटीमागचा, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं असा पत्र्याचा तुकडा शोधला आणि त्यावरून छटा जुळवायला घेतली. रंगारी डबे कालवायचा, पत्र्यावर ओढायचा, वाळवायचा. उंट भिंग लावून बघायचा आणि मान हलवायचा. “तांबूस जास्त झालाय.” “आता काळवंडला.” रंगाऱ्याच्या नाकी नऊ आले. “बाबा रे, ट्रॅक्टर आहे हा, नवरी नाही,” तो म्हणाला. शेवटी रंग जुळला. तोवर ताई भिंत धरून चालायला लागली होती.

रंग वाळला तर बॉनेटवरचं कारखान्याचं पितळी बोधचिन्ह नव्हतं. कुठल्याशा दूरच्या गावी एका माणसाकडे तसलं जुनं एक आहे असं कळलं. तो माणूस पत्राला उत्तर देईना, फोन उचलेना. उंट त्याच्या मागे लागला. मधल्या काळात खिडकीतून आवाज यायचा, “उंटा, झालं का रे?” आणि उंट म्हणायचा, “झालंच. एवढं चिन्ह आलं की झालं.” पुढे आवाज यायचा बंद झाला, कारण पलंगावरून उठून खिडकीपर्यंत येणं तिला जमेना. तेव्हाही उंटाला वाटलं, झोपली असेल.

चिन्ह आलं. ते बसवून उंटाने ताडपत्री काढली तेव्हा ठेंगू असा चमकत होता की रंगाऱ्यालाही चेष्टा सुचली नाही. नवं स्टिअरिंग, नवे रबर लावलेले पेडल, आणि पेटीत मूळच्या पान्यांचा अख्खा संच, तेलाचा हात फिरवून ओळीने मांडलेला. उंट त्याच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, इतक्या वर्षांची फेड आज होणार.

ठेंगू टेम्पोत घालून शेतावर नेला. मागून ताईला गाडीत बसवून, उशा लावून वहिनीने आणलं. ऊन कोवळं होतं. शेजाऱ्याने बटाटे काढून रान मोकळं केलं होतं, बांधाबांधाने एक वाट खाली ओढ्यापर्यंत जात होती. ताई गाडीतून उतरली ती वहिनीच्या खांद्यावर सगळा भार टाकून. ठेंगूकडे तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“कसा झालाय?” उंटाला राहवेना.

“छान झालाय रे. फारच छान.” मग जरा थांबून, “कोंबड्या ओळखणार नाहीत आता.”

सगळे हसले. उंटाने बहिणीला उचललं. उचलताना हाताला काही वजनच लागलं नाही. त्याने तिला सीटवर बसवलं. तिने स्टिअरिंगवर हात ठेवले, चाकाचा गुळगुळीतपणा चाचपला, पूर्वी ट्यूब असायची तिथे बोटं दाबली. उंटाने हँडल मारलं. पहिल्याच दणक्याला ठेंगू सुरू झाला. आणि त्या आवाजाबरोबर ताईचा चेहरा असा उजळला की वहिनीने तोंडाला पदर लावला.

“चल,” उंट म्हणाला, “टाक गिअर. मी शेजारून चालतो.”

ताईने डावा पाय क्लचकडे नेला. पाय हवेत राहिला. पेडल आणि तिचा तळवा यांच्यात वीतभर अंतर होतं. ती पुढे सरकली, सीटच्या काठावर आली. बोटं रबराला नुसती लागली. ती जराही गोंधळली नाही. इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडून म्हणाली, “उंटा, पेटी उघड आणि ठोकळा दे.”

“कुठला ठोकळा?”

“अरे, माझा ठोकळा! क्लचचा. पेटीतच आहे, फडक्यात गुंडाळलेला.”

उंटाने इंजिन बंद केलं. त्याने पेटी उघडली, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. आत ओळीने मांडलेले पाने चमकत होते.

“एक लाकूड होतं,” तो म्हणाला. “पट्टा असलेलं.”

“तेच. कुठे ठेवलंस?”

रंगारी दुसरीकडे बघू लागला. उंटाने खोटं बोलायचा विचार केला असेल, पण त्याला तेही जमत नाही. “ताई, मी ते जाळलं,” तो म्हणाला. “मला वाटलं, बाबांचा काही जुगाड असेल.”

“बाबांचा कुठला?” ताई म्हणाली. “ माझा होता तो. माझा पाय पोचतो का कधी क्लचला? ब्रेकचं ठीक आहे, उठून त्याच्यावर उभं राहिलं की लागतो. पण क्लच हळू सोडावा लागतो ना, तो उभं राहून कसा सोडणार? म्हणून दाराचा एक तुकडा कापून मी ठोकळा केला. पट्टा तुझ्या शाळेच्या दप्तराचा. पेडलवर ठेवायचा आणि बकल आवळायचं. सगळी नांगरणी त्याच्यावर केली मी.”

“पण मी कधी पाहिला नाही तो.”

“कसा पाहशील? तू सुट्टीला येणार म्हटलं की आदल्या दिवशी काढून ठेवायचे मी. ठोकळा राहिला तर तुझा गुडघा वर येऊन स्टिअरिंगला आपटला असता. आल्या आल्या तुला ठेंगूवर बसायचं असायचं. मग तू गेलास की पुन्हा बांधायचे.”

उंट पेटीचं झाकण धरून उभा होता. त्याला आठवायला लागलं, आणि जे आठवलं ते सगळं सुट्टीतलं होतं. तो सीटवर, ताई शेजारी मडगार्डवर, वाऱ्याने केस विस्कटलेली, “हळू रे, हळू रे” म्हणणारी. बहिणीने वर्षानुवर्षं जमीन नांगरली, आणि तिला ट्रॅक्टर चालवताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. जी माणसं खुर्चीत बसली की पाय टेकत नाहीत, त्यांचा पाय क्लचला पोचतो कसा, हा प्रश्न फोरमन झालेल्या माणसाला आयुष्यभरात पडला नव्हता.

“तू मडगार्डवर बस,” तो घाईने म्हणाला. “मी चालवतो. ओढ्यापर्यंत नेतो तुला, हळूहळू.”

“नको रे.” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. “बसून नव्हतं जायचं मला. चालवत जायचं होतं.”

थोडा वेळ ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर खाली ओढ्याकडे. मग दमली. “उतरव मला,” म्हणाली. त्याने उतरवलं. गाडीत बसवताना तिने त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “रडतोस काय घोड्यासारखा? आं? उंट आहेस ना तू? दुसरा करू आपण. त्यात काय एवढं?”

त्या संध्याकाळी उंट तिच्या पलंगापाशी जमिनीवर बसला, हातात पट्टी घेऊन. तिचा पाय त्याने मांडीवर घेतला. टाच, चवडा, मधली खोलगट जागा, सगळं मोजलं. एवढ्या वर्षांत बहिणीचा पाय त्याने कधी हातात घेतला नव्हता. तळव्याला भेगा होत्या, अंगठ्याजवळ एक जुना घट्टा होता, आणि तो डाव्याच पायाला होता.

“टाचेकडे जाड ठेव,” ती वरून सांगत होती, “बोटांकडे उतार. कडा मार, नाहीतर बोचतो. आणि रंग देऊ नकोस त्याला, पाय घसरतो.”

“नाही देत.”

“बघ हो. तुझा काही भरवसा नाही.”

लाकूड त्याने जुनंच घेतलं. शेडमध्ये गेला, नळीच्या वेटोळ्यावरचा पट्टा सोडला. बकलवर आतल्या बाजूने खिळ्याने खरवडलेली दोन अक्षरं होती, त्याच्याच हातची, शाळेतली. इतके महिने तो रोज त्या नळीने हात धूत होता. तिथेच तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. रंगारी आला होता, तो दारातूनच परत गेला.

ठोकळा दुसऱ्या दिवशी तयार झाला. असा वेगाने त्याने एकही काम केलं नव्हतं. पण ताईला ताप चढला होता, आणि डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून बजावलं होतं. उंट ठोकळा घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसला. पांघरूण वर केलं, ठोकळा तळहातांवर धरून तिच्या डाव्या पायाला टेकवला.

ताईने डोळे उघडले. तळव्याने ठोकळा चाचपला.

“हां,” ती म्हणाली. “असाच होता. घट्ट धर.”

तो घट्ट धरून बसला. ताईने डोळे मिटले. तिच्या कपाळावर आठी पडली, ओठ आवळले गेले.

“दाबला का?” तिने विचारलं.

उंटाच्या तळहातांना काहीही जाणवलं नव्हतं.

“दाबला,” तो म्हणाला. “पार खालपर्यंत गेला.”

“आता हळू सोडते. हळूच सोडायचा असतो, नाहीतर धक्का बसतो.” आणि बराच वेळ ती तो सोडत राहिली. वहिनी दारात उभी होती, तिने हे सगळं पाहिलं.

ताप उतरलाच नाही. त्याच आठवड्यात ताई गेली.

माणसं आली, गेली. घर पुन्हा दोघांचं झालं. रंगारी रोज यायचा, शेडमध्ये बसायचा, आणि दोघंही एकमेकांची खोडी काढायचे नाहीत. प्रदर्शनाचं बोलावणं आलं, उंटाने जायचं नाकारलं. एके दिवशी तो उठला आणि म्हणाला, “चल, शेतावर.” ठेंगू तिकडेच ताईच्या गोठ्यात ठेवलेला होता. त्याने ठोकळा क्लचवर ठेवला, पट्टा फिरवला, बकल आवळलं. मग हँडल मारलं आणि सीटवर चढला.

ताई म्हणाली होती तसंच झालं. डावा पाय ठोकळ्यावर ठेवला की गुडघा थेट स्टिअरिंगच्या कडेला. वाट सरळ होती तोवर ठीक होतं. पहिल्या वळणाला चाक फिरवलं तसा गुडघ्यावर असा तडाखा बसला की तो कळवळला. क्लच दाबायचा तर अंग वाकडं करावं लागे. सोडताना पाय नीट सुटत नव्हता, ठेंगू हिसके देत होता, आणि कधी नव्हे तो उंट ट्रॅक्टरवर शिकाऊ माणसासारखा हिंदकळत होता.

शेजारून चालणारा रंगारी ओरडला, “अरे, काढ की तो ठोकळा! पाय मोडून घेशील!”

“राहू दे.”

“तुझ्यासाठी नाहीच तो!”

“माहीत आहे मला,” उंट म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दुखण्याचं की कशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं. बांधाबांधाने, प्रत्येक वळणाला गुडघा आपटून घेत तो खाली ओढ्यापर्यंत गेला. ओढ्याला पाणी थोडंसंच होतं. तिथे इंजिन चालू ठेवूनच तो काही वेळ बसला, सीटच्या उजव्या अर्ध्यावर, डाव्या मडगार्डकडे बघत. त्याने स्वतः घासून, रंगाचे तीन हात देऊन चकचकीत केलेलं मडगार्ड. ताईच्या बसण्याने तिथला पत्रा झिजून पांढरा पडला होता, हे त्याला आता आठवलं. मग त्याने ठेंगू वळवला आणि वर आला.

गोठ्यात उतरल्यावर त्याचा हात सवयीने बकलकडे गेला. काम झालं की जोडलेलं सोडवायचं, पुसायचं, जागच्या जागी ठेवायचं, ही जन्मभराची सवय. बकल अर्धवट सुटलं. मग त्याने ते पुन्हा आवळलं, आधीपेक्षा एक भोक घट्ट, आणि पट्टा नीट बसलाय ना ते अंगठ्याने दाबून पाहिलं.

“असाच ठेवणार?” रंगाऱ्याने विचारलं.

“असाच.”

“मग ह्याच्यावर बसणार कोण?”

“जो बसेल तो विचारेल, हा ठोकळा कशाला,” उंट म्हणाला. “मग सांगेन.”

त्याने दुधाच्या पावडरचा एक रिकामा डबा बरोबर आणला होता. तो धुराड्यावर पालथा घातला, गोठ्याचं दार ओढलं आणि लंगडत लंगडत गाडीकडे निघाला.